बाईकवर टँक कव्हर आणि लगेज स्ट्रॅप कसे बसवायचे? स्टेप बाय स्टेप संपूर्ण माहिती

लाँग वीकेंड जवळ आला की ग्रुपवर "चला कोकणात" सुरू होतं. हॉटेल बघून होतं, रूट ठरतो, पेट्रोलचा हिशोबही होतो. पण सामान गाडीवर कसं बांधायचं, याचा विचार आपण निघायच्या दहा मिनिटं आधी करतो. मीही तसाच होतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता मी पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला निघालो होतो. मागच्या सीटवर कपड्यांची सॅक, तिच्यात लॅपटॉप, आणि वरून हूकवाल्या दोन रबरी दोऱ्या. बांधून झाल्यावर सॅक हलवून पाहिली, घट्ट वाटली. मुळशी गेलं, घाट उतरलो, आणि निजामपूरच्या अलीकडे एका वळणावर मागचं चाक अचानक जाम झालं. वेग पंचवीस-तीसचा असेल. गाडी आडवी झाली आणि मी गुडघ्यावर पडलो. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर पुढचं सांगायला मी नसतो.

गंमत म्हणजे सॅक सीटवरच होती! खड्ड्यांमुळे आतले कपडे दबले होते, त्यामुळे दोरी सैल झाली. मग एक हूक सुटला आणि दोरीसकट चेनच्या मागच्या चक्रीत गेला. गवत कापायला निघालेल्या एका काकांनी विळ्याने ती दोरी कापून काढली. जाता जाता म्हणाले, "सामान पडलं असतं तर उचललं असतंस रे. दोरी चाकात गेली की माणूस पडतो."

या लेखात मी जे सांगणार आहे, ते सगळं या एका वाक्यात आहे. सामान पडू नये हे महत्त्वाचं आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टा, हूक, दोरीचं टोक, कव्हरचा बंद यांतलं काहीही सुटलं तरी ते चाकापर्यंत, चेनपर्यंत, सायलेन्सरपर्यंत किंवा हँडलपर्यंत पोहोचता कामा नये. चला तर मग, सुरुवात टँक कव्हरपासून करू.

## टँक कव्हर म्हणजे काय आणि ते कशासाठी?

टँक कव्हर म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणारं रेक्झिनचं, कॅनव्हासचं किंवा जाड कापडाचं आवरण. आतून बहुतेक वेळा फोमचा पातळ थर असतो. त्याचे तीन उपयोग आहेत:

- पँटची चेन, बेल्टचं बकल आणि जॅकेटची बटणं यांनी टाकीवर ओरखडे पडत नाहीत.
- टाकीवर छोटी बॅग ठेवायची असेल तर बॅगेखाली मऊ थर मिळतो.
- काही कव्हरना खिसा असतो, त्यात रेनकोट, टोलची पावती, रुमाल अशा हलक्या वस्तू राहतात.

तुमच्या गाडीचा रंग मॅट असेल तर कव्हरचा जास्त उपयोग आहे. चकचकीत रंगावरचा बारीक ओरखडा पॉलिश करून जातो. मॅट रंगाला पॉलिश केलं की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि डाग आणखी उठून दिसतो.

पण कव्हरचा एक तोटाही आहे. कव्हर आणि टाकी यांच्यामध्ये बारीक माती किंवा पाणी अडकलं तर जे ओरखडे आणि गंज टाळायला आपण कव्हर घेतलं, तेच कव्हरखाली गुपचूप सुरू होतात. म्हणून कव्हर एकदा बसवलं की विसरून जायचं, असं चालत नाही.

## कव्हर घेताना काय बघायचं?

१. गाडीचं मॉडेल. "सगळ्या गाड्यांना बसतं" असं सांगून मिळणारं कव्हर सहसा कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. टाकीचा आकार आणि झाकणाची जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. मॉडेल आणि वर्ष सांगूनच कव्हर घ्या.

२. झाकणाचं भोक. पेट्रोलचं झाकण पूर्ण उघडं राहील असं कव्हर सगळ्यात चांगलं. झाकणावर फ्लॅप असेल तर तो सहज उचलता आला पाहिजे.

३. आतला कपडा. हात फिरवून बघा. शिवणीचे कडक धागे, प्लॅस्टिकचे बकल किंवा लोखंडी रिंग टाकीला घासत असेल तर ते कव्हर घेऊ नका.

४. बंद कुठे येतात. पुढचा बंद टाकीच्या पुढच्या टोकाखालून जातो आणि मागचा सीटखाली. काही कव्हरना बाजूचे बंद इंजिनच्या अगदी जवळून जातात. असं कव्हर टाळलेलं बरं.

## पेट्रोलच्या झाकणाला हवा का लागते?

कव्हर बसवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायला त्रास होतो. दुधाची पिशवी दाताने फोडून तोंडाला लावली की ती चिपकत जाते आणि दूध यायचं थांबतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की टाकी लोखंडाची असल्यामुळे चिपकत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये हवा आत यायला झाकणातच बारीक वाट असते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. या नव्या गाड्यांमध्ये पेट्रोलची वाफ बाहेर सुटू नये म्हणून नळी आणि कोळशाचा डबा अशी वेगळी व्यवस्था असते. तुमची गाडी कुठलीही असो, नियम सोपा आहे: झाकणावर जाड रेक्झिन, फोम किंवा बॅग दाबून बसवायची नाही.

आणखी एक. अनेक गाड्यांमध्ये झाकणाच्या भोवतीच्या खोलगट जागेत पावसाचं पाणी वाहून जायला एक छोटं भोक असतं. कव्हरने ते बंद केलं तर पाणी झाकणाभोवती साचून राहतं आणि झाकण उघडताना टाकीत उतरतं.

कव्हर बसवल्यावर गाडी काही किलोमीटर गेल्यावर धक्के देत बंद पडते, झाकण उघडल्यावर "सुस्स" आवाज होतो आणि मग पुन्हा नीट चालू होते, असं होत असेल तर पहिला संशय कव्हरवर घ्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं झाकण उघडताना थोडा आवाज होणं मात्र नेहमीचं आहे.

## टँक कव्हर कसं बसवायचं? (स्टेप बाय स्टेप)

लागणाऱ्या वस्तू: दोन स्वच्छ मऊ फडकी, सीटचे बोल्ट काढायला तुमच्या गाडीच्या टूलकिटमधला पाना, कात्री, आणि वीस मिनिटं.

स्टेप १. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. चावी काढा. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या.

स्टेप २. टाकी पाण्याने धुवा आणि कोरडी पुसा. आधी कोरडं फडकं फिरवू नका. टाकीवरची धूळ पॉलिश पेपरसारखी घासली जाते.

स्टेप ३. सीट काढा. काही गाड्यांची सीट चावीने निघते, काहींची बोल्टने. टाकीच्या मागच्या टोकाला टाकीचा स्वतःचा बोल्ट दिसेल. त्याला हात लावायचा नाही. कव्हर बसवायला टाकी सैल करावी लागत नाही.

स्टेप ४. कव्हर टाकीवर पसरा. सगळ्यात आधी झाकणाचं भोक जुळवा. पुढून किंवा मागून ओढायला सुरुवात केली की भोक सरकतं आणि मग शेवटपर्यंत सरकलेलंच राहतं.

स्टेप ५. पुढचा बंद टाकीच्या खालून, फ्रेमच्या भोवती फिरवून घ्या. इथे क्लच केबल, एक्सलेटर केबल आणि हेडलाइटच्या वायरींचा गठ्ठा असतो. बंद या सगळ्यांच्या बाजूने गेला पाहिजे, त्यांना आवळून नाही.

स्टेप ६. बाजूचे बंद असतील तर ते इंजिनपासून, प्लगच्या वायरपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब ठेवा. जुन्या गाडीला पेट्रोल कॉक असेल तर तो हाताला सहज सापडला पाहिजे. गाडी रिझर्व्हला लागली की चालू रस्त्यात तोच शोधावा लागतो.

स्टेप ७. मागचा बंद सीटच्या खाली फ्रेमला अडकवा आणि सीट परत बसवा. सीटचं लॉक नेहमीसारखं "टक्" वाजलं पाहिजे. बंद मध्ये आल्यामुळे सीट अर्धवट बसते आणि आपल्याला वाटतं बसली.

स्टेप ८. आता हँडल डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. कव्हर कुठे ओढलं जातंय का बघा. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून तेच पुन्हा करा. हँडल वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर एक्सलेटर केबल ओढली जात आहे. अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, बंद सोडून परत बांधायचा.

स्टेप ९. बंदांची उरलेली टोकं बघा. लांब असतील तर गुंडाळून रबर बँड लावा किंवा कापा. नायलॉनचं कापलेलं टोक उसवू नये म्हणून लायटरने भाजतात. ते काम कव्हर काढून, गाडीपासून लांब जाऊन करा. पेट्रोलच्या टाकीजवळ लायटर पेटवायचा नाही.

स्टेप १०. गाडीवर बसा, दोन्ही गुडघ्यांनी टाकी दाबा आणि शरीर पुढेमागे करा. कव्हर सरकलं नाही तर काम झालं. जोरात ब्रेक मारताना आपण टाकीला गुडघ्यांनीच धरतो. त्या वेळी कव्हर सरकलं तर आपणही सरकतो.

महिन्यातून एकदा कव्हर काढून टाकी पुसा. पावसात भिजल्यावर मात्र घरी आल्या आल्या काढा आणि दोन्ही वेगवेगळे वाळवा.

## लगेज स्ट्रॅपचे प्रकार: कुठला कशासाठी?

हूकवाली रबरी दोरी (बंजी कॉर्ड): स्वस्त आणि सगळीकडे मिळते. जॅकेट, रेनकोट, चटई अशा हलक्या वस्तूंना ठीक. पण ती ताणते, म्हणजे खड्ड्यात सामान उडतं तेव्हा तीही सोबत उडते. शिवाय ताणलेला हूक हातातून निसटला तर थेट डोळ्यावर येऊ शकतो. हूक लावताना आणि काढताना तोंड दोरीच्या रेषेत ठेवू नका, हेल्मेट घालून काच खाली ठेवली तर उत्तम.

जाळी: हिचे हूक जास्त आणि पकड हलकी. मोठ्या बॅगेवर वरचे कपडे धरायला छान. एकटी जाळी बॅग धरून ठेवू शकत नाही.

बकलचा पट्टा: साधारण २५ मिलिमीटर रुंद पट्टा आणि दाबून सोडायचं दातेरी बकल. हा ताणत नाही. जड बॅगेसाठी मी आता हाच वापरतो.

लूपचा पट्टा: दोन भागांचा असतो. एका टोकाला हूकऐवजी लूप असतो, तो फ्रेममधून ओवून त्याच्यातूनच पट्टा काढायचा. हूकच नसल्यामुळे हूक सुटायचा प्रश्नच नाही.

रॅचेट पट्टा: खटक्याने आवळायचा पट्टा. टेम्पोत आख्खी बाईक बांधायला वापरतात. बॅगेसाठी त्याची ताकद गरजेपेक्षा जास्त आहे. दोन खटके जास्त पडले की कॅरिअर वाकतं किंवा बॅगेतला डबा चेपतो.

ट्यूबची पट्टी: दुधाचे कॅन आणि भाजीची पोती आपल्याकडे वर्षानुवर्षं सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधली जातात. रबर घट्ट पकडतं, यात शंका नाही. पण उन्हाने त्याला बारीक भेगा पडतात. ताणून बघा, भेगा दिसल्या तर फेकून द्या.

पट्ट्याचं कापडही बघा. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं, पॉलिस्टर त्यामानाने कमी. पावसाळ्यात हा फरक कळतो. आणि स्वस्त पट्टे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते साधारण १६० अंश सेल्सिअसलाच वितळतात. सायलेन्सरला टेकले तर संपले.

## पट्टा कुठे अडकवायचा आणि कुठे नाही?

अडकवायच्या जागा: मागचं कॅरिअर, ग्रॅब रेल, सीटखालची फ्रेम, मागच्या फूटरेस्टचा फ्रेमला घट्ट बसवलेला ब्रॅकेट.

या जागी अडकवायचं नाही:

- इंडिकेटर आणि नंबर प्लेट. पहिल्याच खड्ड्यात तुटतात.
- मागचं प्लॅस्टिकचं मडगार्ड.
- सायलेन्सर आणि त्याचा ब्रॅकेट.
- ब्रेकचा पाइप किंवा ब्रेकचा रॉड.
- स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक ज्याला धरलेलं असतं तो खालचा दांडा. हा सस्पेंशनबरोबर वर-खाली होतो. चाक वर आलं की पट्टा सैल होतो, आणि सैल पट्ट्याचा हूक सुटतो.

माझी चूक नेमकी हीच होती. हूक लावायला सोयीचं म्हणून मी तो खाली स्विंग आर्मला लावला होता. उभ्या गाडीवर तो घट्टच होता. चालत्या गाडीवर प्रत्येक खड्ड्याला तो एकदा सैल होत होता.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चेन डाव्या बाजूला आणि सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. डाव्या बाजूचं साडी गार्ड कपडा चाकात जाऊ नये म्हणून आहे. ते पातळ असतं, त्याला जड बॅग टांगायची नाही.

## सामान कसं बांधायचं? (स्टेप बाय स्टेप)

स्टेप १. वजन मोजा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये पेलोड दिलेला असतो. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं मिळून धरतात. समजा मॅन्युअलमध्ये १५० किलो लिहिलंय. तुम्ही ७० किलो आणि मित्र ६५ किलो, म्हणजे उरले फक्त १५ किलो. त्यातच हेल्मेट, जॅकेट, बूट आणि पाणी आलं. बॅग घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग बॅगेशिवाय. फरक म्हणजे बॅगेचं वजन. कॅरिअरची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते, तीही बघा.

स्टेप २. हवा आणि शॉकअप. चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो. त्यात मागे माणूस असतानाचा आकडा वेगळा दिलेला असतो. सामान जड असेल तर मागच्या चाकात तेवढी हवा भरा, तीही टायर गार असताना. मागचे शॉकअप कडक-मऊ करता येत असतील तर एक-दोन खाचा कडक करा.

स्टेप ३. जड खाली आणि पुढे. बॅग भरताना जड वस्तू तळाला आणि तुमच्या पाठीकडच्या बाजूला ठेवा. सी-सॉ आठवा. वजन मागच्या चाकाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि घाटाच्या चढावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं. तेच वजन सीटवर पुढे आणलं की गाडी शांत होते.

स्टेप ४. बॅगेचे स्वतःचे बंद आधी आवरा. कॉलेजच्या सॅकचे खांद्याचे पट्टे, छातीचा बंद, चेनला लावलेल्या दोऱ्या, हे सगळं बॅगेखाली दाबा किंवा आत कोंबा. चाकात जायला लगेज स्ट्रॅपच लागतो असं नाही.

स्टेप ५. चार जागी बांधा. पुढे डावी-उजवी, मागे डावी-उजवी. पुढचे पट्टे बॅगेला पुढे आणि खाली ओढतील, मागचे पट्टे मागे आणि खाली ओढतील असं करा. मग ब्रेकला बॅग पुढे येत नाही, पिकअपला मागे जात नाही आणि वळणावर बाजूला सरकत नाही. मुख्य काम न ताणणाऱ्या पट्ट्यांना द्या. रबरी दोरी किंवा जाळी वरून, जादाची म्हणून.

स्टेप ६. हूकचं तोंड बघा. हूक असा लावा की तोंड बाहेरच्या बाजूला राहील आणि पट्टा क्षणभर सैल झाला तरी हूक आपोआप निघणार नाही. दोन हूक एकमेकांत अडकवून लांबी वाढवायची नाही. लांबी कमी पडते तर तो पट्टा त्या बॅगेसाठी नाही.

स्टेप ७. शेपूट बांधा. पट्टा आवळल्यावर जे टोक उरतं त्याला मी शेपूट म्हणतो. ते गुंडाळून पट्ट्याखालीच खोचा आणि रबर बँड लावा. नुसतं खोचलं तर वाऱ्याने अर्ध्या तासात बाहेर येतं.

स्टेप ८. हलवून बघा. बॅग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, बॅग नाही. मी पूर्वी फक्त बॅग हलते का एवढंच एका बोटाने बघायचो. त्याला तपासणं म्हणत नाहीत.

स्टेप ९. मागे जाऊन उभे राहा. टेललाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबर प्लेट पूर्ण दिसतात का? नंबर प्लेट झाकली तर दंड होऊ शकतो. टेललाइट झाकला तर रात्री मागच्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही.

स्टेप १०. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा. ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. सुरुवातीच्या खड्ड्यांमध्ये कपडे दबतात, बॅग बारीक होते आणि पट्टे सैल पडतात. एकदा थांबून परत आवळलं की मग चहाच्या प्रत्येक थांब्यावर नुसता हात फिरवला तरी चालतो. मी त्या दिवशी पुण्याहून निघालो तो थेट घाट उतरेपर्यंत थांबलोच नव्हतो.

## यात मोबाईलचा काय उपयोग?

चार फोटो काढा. बांधून झाल्यावर गाडीचे डावीकडून, उजवीकडून, मागून आणि वरून फोटो काढा. थांब्यावर फोटो आणि गाडी शेजारी ठेवून बघा. बॅग दोन बोटं सरकलेली नुसत्या डोळ्यांना कळत नाही, फोटोत लगेच कळते. परतीच्या वेळी "जाताना कसं बांधलं होतं?" हा प्रश्नही सुटतो.

टँक बॅगेच्या पारदर्शक खिशात मोबाईल ठेवताना सांभाळा. प्लॅस्टिकखाली, उन्हात, शिवाय चार्जिंग आणि मॅप चालू, म्हणजे मोबाईल तापणारच. ॲपल आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगतं. आपल्याकडचं एप्रिलचं ऊनच त्याच्या पुढे जातं. खिशात मोबाईल ठेवलाच तर थांब्यावर काढून सावलीत ठेवा.

चुंबकाची टँक बॅग. ही फक्त लोखंडी टाकीला चिकटते. टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर नाही. आणि खाली फोमचं जाड टँक कव्हर असेल तर पकड बरीच कमी होते. म्हणून कव्हर आणि चुंबकाची बॅग एकत्र वापरू नका, पट्ट्याची बॅग घ्या. चुंबकामुळे मोबाईलचं होकायंत्रही चुकतं आणि मॅपवर बाण भलतीकडे दिसतो. तसं झालं तर मोबाईल बॅगेपासून लांब नेऊन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा.

हँडलवरचा होल्डर. चांगल्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून लेन्स हलवणारी नाजूक यंत्रणा असते. मोठ्या इंजिनच्या बाईकच्या सततच्या कंपनांनी तिच्यावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिली होती. होल्डर घ्यायचाच तर कंपनं शोषणारा घ्या. आणि चार्जिंगची वायर लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायला विसरू नका. तीही एक दोरीच आहे.

मॅप आधीच डाउनलोड करा. घाटात रेंज जाते. चालत्या गाडीवर मोबाईल हातात घेऊन रस्ता शोधणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोजलं जातं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागे माणूस बसणार असेल तर बॅग कुठे बांधायची?
कॅरिअरवर हलकी बॅग आणि टाकीवर छोटी बॅग. सीटच्या दोन्ही बाजूंना बॅगा टाकायच्या असतील तर दोन्हींचं वजन सारखं ठेवा, आणि खालून त्या सायलेन्सरला किंवा चाकाला टेकणार नाहीत एवढी जागा सोडा. माणूस बसल्यावर गाडी दबते, म्हणून अंतर माणसाला बसवूनच बघा.

मोठी सॅक पाठीवर घेतली तर?
तासाभराच्या प्रवासाला हलकी सॅक चालते. लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात आणि थकलेला माणूस उशिरा ब्रेक मारतो. जड सामान गाडीवर, तुमच्या अंगावर नाही.

टाकीवरची बॅग किती मोठी चालेल?
हँडल पूर्ण वळवल्यावर बॅग हॉर्नच्या बटणाला लागत नाही, मीटर झाकत नाही आणि तुमच्या पोटात खुपत नाही, एवढी.

चालवताना मागे काहीतरी सुटल्यासारखं वाटलं तर?
एक्सलेटर हळूहळू सोडा, आरशात बघा, इंडिकेटर देऊन डावीकडे थांबा. एका हाताने मागे चाचपडू नका. आणि थांबल्यावर दोरी चेनमध्ये दिसली तर चालू इंजिनवर ओढायची नाही. आधी इंजिन बंद, चावी हातात, मग दोरी कापायची.

पट्टे कधी बदलायचे?
कडा उसवल्या, कापड कडक झालं, रंग उडाला, हूक गंजला किंवा बकल दाबल्यावर सरकायला लागलं की लगेच.

## निघण्याआधीची एका मिनिटाची तपासणी

१. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय.
२. पेट्रोलचं झाकण मोकळं आहे.
३. बॅग हलवली की गाडी हलते.
४. एकही टोक लोंबकळत नाही.
५. दिवे आणि नंबर प्लेट दिसतात.
६. चार फोटो काढले.
७. पहिला थांबा कुठे, ते ठरलंय.

माझ्या टूलकिटमध्ये आता एक छोटा चाकू असतो आणि त्या कापलेल्या दोरीचा वीतभर तुकडाही. सीट उघडली की तो दिसतो आणि मी खाली वाकून एकदा डाव्या बाजूला चेनकडे बघतो. गेल्या दिवाळीत पुन्हा त्याच रस्त्याने दिवेआगरला गेलो. पहिला थांबा पौडला घेतला. पट्टा तीन बोटं सैल झाला होता. आवळला, शेपूट बांधलं आणि निघालो.

तुम्हीही थांबा. समुद्र कुठे पळून जात नाही!